बेरियमच्या पेल्यामागची सव्वाशे वर्षं

घास छातीत अडकतो, जेवल्यावर अन्न पुन्हा घशाशी येतं, पोटाचं ऑपरेशन झाल्यावर आतले टाके नीट धरलेत का ते पाहायचं आहे, अशा वेळी डॉक्टर ‘बेरियम करून घ्या’ म्हणून लिहून देतात. एक्स-रे केंद्रावर नाव नोंदवलं की हातात एक चिठ्ठी पडते. अनशापोटी या. रात्री बारानंतर पाणीही नको. तंबाखू, विडी नको. दागिने घालून येऊ नका. दिवस गेले असण्याची शक्यता असेल तर आधी सांगा. तपासणीनंतर भरपूर पाणी प्या. असं का करायचं, ते मात्र चिठ्ठीत नसतं. रुग्ण विचारत नाही आणि काउंटरवरच्या माणसाला सांगायला सवड नसते.

या चिठ्ठीतली एकही ओळ कुणी सहज लिहिलेली नाही. काही ओळींमागे विषबाधेने गेलेली माणसं आहेत, काहींमागे क्ष-किरणांनी बोटं गमावलेले डॉक्टर आहेत. इतक्या किमतीला मिळालेलं ज्ञान आपण रुग्णाच्या हाती हुकूम म्हणून ठेवतो आणि त्याचं कारण स्वतःकडेच राखतो, हे चूक आहे. कारण ठाऊक असलेला रुग्ण सूचना नीट पाळतो आणि कारण ठाऊक असलेल्या रुग्णालाच योग्य वेळी योग्य प्रश्न सुचतो. म्हणून या तपासणीचा इतिहास रुग्णाने जाणून घेतला पाहिजे.

8 नोव्हेंबर 1895 रोजी जर्मनीत व्युर्झबर्गला विल्हेल्म राँटगेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. हाडं दिसू लागली, शरीरात घुसलेली गोळी दिसू लागली. पोट मात्र दिसेना. अन्ननलिका, जठर, आतडी हे सगळे मऊ अवयव क्ष-किरण जवळपास सारखेच आरपार जाऊ देतात, त्यामुळे पडद्यावर त्यांची वेगळी सावली पडत नाही. सावली पाहिजे असेल तर त्या पोकळीत किरण अडवणारं काहीतरी जड भरायला हवं. ही युक्ती सुचायला फार काळ लागला नाही.

बॉस्टनला हार्वर्डमध्ये वॉल्टर कॅनन नावाचा 25 वर्षांचा मुलगा वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शिकत होता. त्याचे गुरू हेन्री बाउडिच यांनी त्याला आणि अल्बर्ट मोझर या दुसऱ्या विद्यार्थ्याला सुचवलं की, या नव्या किरणांनी गिळण्याची क्रिया पाहता येते का बघा. डिसेंबर 1896 मध्ये त्यांनी आधी एका कुत्र्याला मोत्याच्या शिंपल्याचं बटण गिळायला लावलं आणि ते पडद्यावर खाली सरकताना पाहिलं. मग एक हंस आणला. हंसाची मान लांब, म्हणजे गिळलेला पदार्थ बराच वेळ डोळ्यांसमोर राहणार. त्याला बिस्मथ या जड धातूचा क्षार भरलेली कॅप्सूल गिळायला दिली. 29 डिसेंबर 1896 रोजी अमेरिकेतल्या शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेत सगळ्यांनी ती काळी सावली हंसाच्या मानेतून उतरताना पाहिली. जिवंत प्राणी गिळताना आत काय घडतं, ते कुठेही न कापता माणसाला दिसू लागलं ते इथून पुढे.

कॅननने पुढे मांजरांवर काम केलं. अन्नात बिस्मथ कालवून दिलं की जठराच्या लाटा पडद्यावर दिसत. एक गोष्ट त्याच्या लक्षात आली. मांजर चिडलं, घाबरलं, बांधलेल्या जागेतून सुटायला धडपडू लागलं की त्या लाटा थांबत. शांत झालं की पुन्हा सुरू होत. भीती आणि रागाने शरीरात काय उलथापालथ होते यावर त्याने पुढे आयुष्यभर जे काम केलं, त्याचं मूळ या निरीक्षणात आहे. आजही घाबरलेल्या रुग्णाच्या जठराची हालचाल मंदावते आणि तपासणी लांबते. आत काय होणार आहे हे आधी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर रुग्णाला धीर येतोच, शिवाय तपासणीही चांगली होते. भीतीने जठराच्या लाटा थांबतात हे कॅननने 1898 मध्येच छापून ठेवलं आहे.

1904 मध्ये म्युनिकचे हर्मन रीडर यांनी हीच रीत माणसासाठी बसवली. लापशीसारख्या अन्नात तीस-चाळीस ग्रॅम बिस्मथ सबनायट्रेट कालवून द्यायचं आणि पोटाचे फोटो काढायचे. युरोपभर ‘रीडरचं जेवण’ प्रसिद्ध झालं. थोड्याच वर्षांत अडचण उघडी पडली. आतड्यातले जंतू त्या नायट्रेटचं नायट्राइट करतात, नायट्राइट रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती कमी करतं. काही रुग्ण निळे पडले, काही दगावले. रोग शोधायला दिलेल्या घासानेच माणसं गेली.

म्हणून दुसऱ्या पदार्थाचा शोध सुरू झाला आणि 1910 मध्ये जर्मनीतच बाखेम आणि ग्युंटर यांनी बेरियम सल्फेट सुचवलं. हा निर्णय धाडसाचा होता, कारण बेरियम हे मुळात विष आहे. बेरियम कार्बोनेट उंदीर मारायला वापरत आले आहेत. पाण्यात किंवा जठरातल्या आम्लात विरघळणारा बेरियमचा कुठलाही क्षार पोटात गेला, तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायकरीत्या उतरतं, स्नायू लुळे पडतात, हृदयाचे ठोके बिघडतात. सल्फेट मात्र विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल. एक लिटर पाण्यात ते जेमतेम दोन-तीन मिलिग्रॅम विरघळतं. त्यामुळे ते आतड्यातून जसं आलं तसं बाहेर पडतं, रक्तात उतरत नाही. या तपासणीची सुरक्षितता त्या पावडरच्या शुद्धतेवर टांगलेली आहे. सुरुवातीच्या काळात औषधाच्या दुकानात सल्फेटच्या जागी दुसराच क्षार दिला गेल्याने विषबाधा झाल्याच्या नोंदी आहेत.

हे सगळं जुनं झालं, असं वाटेल. 2003 मध्ये ब्राझीलमध्ये ‘सेलोबार’ नावाचं बेरियम पिऊन वीसहून अधिक माणसं मेली. बनवणाऱ्या कंपनीने सल्फेट स्वतःच तयार करायचा घाट घातला होता आणि त्या मालात बेरियम कार्बोनेट राहून गेलं होतं. तपासणीसाठी म्हणून गेलेली ती माणसं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण नव्हते. 1910 साली ठाऊक असलेली गोष्ट 93 वर्षांनी विसरली गेली. म्हणून बेरियमची पुडी कोणत्या उत्पादकाची, सीलबंद आहे का, मुदत उरली आहे का, हे रुग्णाच्या नातेवाइकाने विचारलं तर त्यात उद्धटपणा मानू नये. इंजेक्शनची बाटली दाखवून मगच टोचायची पद्धत आपण अंगवळणी पाडून घेतली, तेवढंच हे साधं आहे.

बेरियम रक्तात जात नाही, या एका गोष्टीतून रुग्णाच्या बऱ्याच शंका सुटतात. सीटी स्कॅनच्या वेळी शिरेतून जे औषध देतात, ते आयोडीनचं असतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. म्हणून तिथे क्रिएटिनिन पाहतात, किडनीचा त्रास आहे का विचारतात. प्यायच्या बेरियमला ती अडचण नाही. बाळाला अंगावर पाजणाऱ्या आईने तपासणीनंतर दूध थांबवायचं कारण नाही, कारण दुधात काही उतरतच नाही. बेरियमची अॅलर्जीही फार क्वचित, आणि झाली तर ती बहुधा त्यात घातलेल्या चवीची किंवा दाटपणा टिकवणाऱ्या द्रव्याची. तरी आधी कुठल्या औषधाने पुरळ उठली किंवा धाप लागली असेल तर ते सांगायलाच हवं.

पण अन्ननलिकेला किंवा जठराला भोक पडलं असेल तर सगळं गणित उलटतं. न विरघळणारी ती पावडर छातीच्या किंवा पोटाच्या पोकळीत सांडली, तर तिथेच साचून राहते आणि जबर दाह करते. अशा संशयात बेरियमऐवजी पाण्यात विरघळणारं आयोडीनयुक्त द्रव्य पाजतात. ऑपरेशननंतर टाके गळताहेत का, हे पाहायला आधी तेच देण्याची पद्धत आहे. त्याचाही धोका आहे. त्यातलं जुनं, तीव्र द्रव्य गिळताना ठसका लागून श्वासनलिकेत गेलं, तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. ज्याला पाणी पितानाही ठसका लागतो, त्याच्यासाठी वेगळं, सौम्य द्रव्य निवडावं लागतं. ‘मला ठसका लागतो’, ‘काल रात्रीपासून पोट दगडासारखं झालंय’, ‘महिन्यापूर्वी ऑपरेशन झालंय’ ही वाक्यं रुग्णाने टेबलावर चढण्याआधी बोलायची आहेत. पेल्यात कोणतं द्रव्य असावं हे त्यावरून ठरतं. सगळ्यांनी फाईल वाचली असेल असं धरून चालू नये.

आता किरणांकडे वळतो. पहिल्या पिढीतले डॉक्टर अंधाऱ्या खोलीत चमकणाऱ्या पडद्यासमोर उभे राहून, उघड्या हातांनी, उघड्या छातीने रुग्णाच्या पोटात पाहत. पडदा इतका अंधुक असे की डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागत. पुढे लाल काचांचे चष्मे आले, ते घालून डॉक्टर आधीपासून बसत. पडद्याचं चित्र यंत्राने उजळ करायची सोय 1940 च्या दशकाच्या अखेरीस आली. तोवर बरंच नुकसान झालं होतं. थॉमस एडिसनचा सहायक क्लॅरेन्स डॅली क्ष-किरणांच्या पडद्यावर काम करता करता दोन्ही हात गमावून 1904 मध्ये गेला. व्हिएन्नाचे गुइडो होल्त्सक्नेख्त यांनी बोटं, मग हात गमावला आणि 1931 मध्ये ते वारले. 1936 मध्ये हॅम्बुर्गला एका रुग्णालयाच्या आवारात किरणांनी मेलेल्या वैद्यकांचं स्मारक उभं राहिलं, तेव्हाच त्यावर दीडशेहून अधिक नावं होती. 1945 मध्ये कॅनन वारला, तेव्हा त्याच्या अखेरच्या आजाराचा संबंधही त्या तरुणपणीच्या किरणांशी जोडला गेला.

आज एक्स-रे खोलीत शिशाचा एप्रन, कर्मचाऱ्याच्या खिशाला लावलेला बिल्ला, जाड भिंत दिसते ती यामुळे. त्या बिल्ल्यावर महिनोन्‌महिने पडलेल्या किरणांची नोंद होते. भारतात या सगळ्यावर अणुऊर्जा नियामक मंडळाचा अंकुश आहे. 1983 मध्ये स्थापन झालेलं हे मंडळ मुंबईत अणुशक्तिनगरला आहे आणि त्याच्या परवान्याशिवाय एक्स-रे यंत्र चालवता येत नाही. तो परवाना पाहायला मागणं हा आपला अधिकार आहे. तो किती जण बजावतात, याचं उत्तर आपल्याला ठाऊक आहे.

अन्ननलिका, जठर आणि लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग बेरियमने पाहताना रुग्णाला सरासरी सहा मिलिसिव्हर्टच्या आसपास किरण मिळतात. छातीच्या साध्या फोटोच्या तुलनेत हे बरंच जास्त आहे. पृथ्वीवर राहतो म्हणून माती, आकाश, हवा यांच्याकडून माणसाला वर्षाकाठी सरासरी सुमारे 2.4 मिलिसिव्हर्ट मिळतातच. म्हणजे ही तपासणी दोन-अडीच वर्षांच्या नैसर्गिक किरणांएवढी. फक्त अन्ननलिकाच पाहिली तर त्याहून पुष्कळ कमी. यात घाबरण्यासारखं काही नाही. पण ‘एकदा करून टाकू’ म्हणून करण्यासारखीही ही गोष्ट नाही. गरोदरपणी पोटातल्या बाळाला किरण लागू नयेत म्हणून पाळी चुकलेल्या बाईने आधी सांगायचं. तपासणी थांबू शकत असेल तर थांबवतात, नाहीतर दुसरा मार्ग शोधतात. आपल्याकडे रुग्णासोबत मुलगी, सून, भावजय येते आणि आजोबांना धरायला तीच आत जाते. तिलाही हाच प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि आत जायचंच असेल तर तिच्या अंगावरही शिशाचा एप्रन हवा. चिठ्ठीत हे नसतं. असायला हवं.

खोलीत काय घडतं ते सांगतो. टेबल उभं केलेलं असतं. रुग्ण पाठ टेकून पायरीवर उभा राहतो, एका हातात पांढऱ्या, दाट औषधाचा पेला. चव खडूची, वर कधी स्ट्रॉबेरीचा किंवा संत्र्याचा वास. आधी फसफसणारी पावडर थोड्या पाण्याबरोबर घ्यायला लावतात. तिने जठर वायूने फुगतं. ढेकर येतो, तो दाबायचा, कारण वायू गेला तर जठराच्या घड्या मिटून बसतात आणि आतलं दिसत नाही. मग डॉक्टर म्हणतात, ‘एक मोठा घोट तोंडात धरा... आता गिळा.’ त्या क्षणी पडद्यावर पांढरी धार घशातून उतरते, छातीत एका जागी किंचित रेंगाळते, जठराच्या तोंडाशी थांबते आणि आत पडते. टेबल आडवं होतं. उजव्या कुशीवर, डाव्या कुशीवर, पालथं, पुन्हा उताणं. भिंतीला चुन्याचा हात फिरवावा तसा तो थर आतल्या अस्तरावर बसावा म्हणून हे लोळवणं असतं. ज्यांना गुडघ्याचा, पाठीचा त्रास आहे त्यांनी हे आधी सांगितलं तर टेक्निशियन हळू घेतात.

अनशापोटी का, ते इथे कळतं. पोटात अन्नाचा कण राहिला तर तो पडद्यावर गाठीसारखा दिसतो. पाणी राहिलं तर बेरियम पातळ होतं आणि थर बसत नाही. पान, तंबाखू, च्युइंगम यांनी लाळ आणि जठररस वाढतो, तोही तसाच नडतो. आपल्याकडच्या अनेक बायका मिश्री लावतात आणि तिला तंबाखू मानत नाहीत. त्या दिवशी सकाळी मिश्रीही नको, असं स्पष्ट सांगावं लागतं. मधुमेहाच्या रुग्णाने उपाशीपोटी नेहमीचं इन्सुलिन टोचून घेतलं तर साखर उतरून तो रांगेतच चक्कर येऊन पडेल. त्याने आपल्या डॉक्टरांना मात्रा विचारून घ्यावी आणि सकाळचा पहिला नंबर मागावा. जठराची हालचाल थोडा वेळ शांत करायला कधी इंजेक्शन देतात. काचबिंदू असेल, लघवी अडकण्याचा त्रास असेल तर ते आधी सांगायचं. हे इंजेक्शन घेतल्यावर काही वेळ डोळ्यांना अंधुक दिसतं, म्हणून लगेच दुचाकी काढून घरी जायचं नाही.

तपासणी झाल्यावर दोन-तीन दिवस शौचाला पांढरट होते. माणसं घाबरून कावीळ झाली म्हणून धावतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आतड्यात पाणी शोषलं गेलं की बेरियम घट्ट होतं आणि बद्धकोष्ठ होतं. ‘भरपूर पाणी प्या’ ही ओळ त्यासाठी आहे. म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले रुग्ण, आधीपासून कोठा जड असलेले यांनी यात हयगय करू नये. दोन दिवसांत शौचाला झालीच नाही, पोट फुगलं, दुखू लागलं तर डॉक्टरांकडे जायचं. आणखी एक. पुष्कळ रुग्णांच्या हातात एकाच वेळी तीन चिठ्ठ्या असतात : बेरियम, सोनोग्राफी, सीटी. जे केंद्र जवळ आणि मोकळं, तिथे ते आधी जातात. बेरियम आधी झालं तर सीटीच्या चित्रावर त्याचे चरे उमटतात, दुर्बीण घातली तर अस्तर पांढऱ्या थराखाली झाकलेलं सापडतं. मग तपासणी पुन्हा, पैसे पुन्हा, उपास पुन्हा. क्रम कोणता, हे लिहून देण्याची जबाबदारी डॉक्टरांची आहे. ते लिहीत नसतील तर रुग्णाने विचारून घ्यावं.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोटाच्या आजारात बेरियमला तोड नव्हती. सावली वाचण्याचं एक शास्त्र उभं राहिलं. अमेरिकेत मेयो क्लिनिकचे रसेल कारमन हे त्यातलं मोठं नाव. जठराच्या कॅन्सरची सावली कशी ओळखायची, याची एक खूण आजही त्यांच्या नावाने शिकवतात. त्यांना स्वतःला पोटाचा त्रास सुरू झाला तेव्हा त्यांचेही बेरियमचे फोटो काढले गेले. त्या फिल्मवर काय आहे, ते त्यांचं त्यांनीच ओळखलं. जठराचा कॅन्सर, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. 1926 मध्ये ते वारले. त्या काळी ही तपासणी रोग दाखवायची, पण फार उशिरा दाखवायची, हे यातून समजतं.

उशीर टाळायचा ध्यास घेतला जपानने. तिथे जठराचा कॅन्सर फार. शिराकाबे हिकोओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1950 च्या दशकात हवा आणि बेरियम दोन्ही वापरून अस्तरावरची बारीकसारीक उंचसखलताही दिसेल अशी रीत घडवली. 1960 च्या दशकात एक्स-रेचं यंत्र बसवलेल्या बस गावोगाव फिरू लागल्या. शेतकऱ्यांनी, कामगारांनी उपाशीपोटी रांगेत उभं राहून बेरियम प्यायचं आणि कामावर जायचं. 1983 पासून सरकारी आरोग्य कायद्यात ही तपासणी आली आणि 2016 मध्ये तिच्या जोडीला दुर्बिणीचाही पर्याय अधिकृतपणे दिला गेला. जपानचं हे काम थोर आहे. तरी ते आपण जसंच्या तसं उचलावं असं मी म्हणणार नाही. धडधाकट माणसांच्या तपासणी-पॅकेजमध्ये बेरियम घालून विकणं आपल्याकडच्या रोगांना धरून नाही.

दुर्बिणीने बेरियमची मक्तेदारी मोडली, त्यात एका भारतीयाचा वाटा आहे. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासोबत काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र नेता येतं, हे 1954 मध्ये दाखवलं. ते वाचून बॅसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेत लवचिक दुर्बीण केली आणि 1957 मध्ये ती आधी स्वतःच्या घशात उतरवली. दुर्बीण अस्तर प्रत्यक्ष दाखवते आणि संशय आला तर तुकडाही काढते. बेरियम तुकडा काढू शकत नाही. पुढे मार्शल आणि वॉरन यांनी अल्सरमागचा जंतू शोधला, औषधाने अल्सर बरे होऊ लागले आणि अल्सरसाठी होणाऱ्या बेरियमची रांग ओसरली. हे योग्यच झालं. आज ज्याला गिळायला दिवसेंदिवस जास्त त्रास होतोय, आधी भाकरी अडकायची आता भातही अडकतो, वजन उतरतंय, त्याने बेरियमवर वेळ घालवू नये. त्याची दुर्बीण आधी व्हायला हवी. पेल्यातल्या सावलीने अशा रुग्णाला धीर दिला आणि कॅन्सरचं निदान दोन महिने मागे राहिलं, असं घडू देणं हा गुन्हा आहे.

मग बेरियम मोडीत काढायचं का? अजिबात नाही. कॅननने हंसात पाहिली ती हालचाल होती, आणि हालचाल दाखवण्यात बेरियमचा हात कुणी धरत नाही. अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप उघडतच नाही, असा एक आजार आहे, अकलेशिया. त्यात दुर्बीण कधीकधी सहज आत जाते आणि ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट येतो. रुग्ण अॅसिडिटीच्या गोळ्या खात वर्षं काढतो. बेरियम पाजलं की फुगलेली नलिका आणि तळाशी पक्ष्याच्या चोचीसारखी निमुळती वाट दिसते. घोटानंतर एक, दोन आणि पाच मिनिटांनी किती साचून राहिलं, हे मोजून उपचाराचा गुणही ठरवता येतो. अंगात रक्त कमी असलेल्या बायकांच्या अन्ननलिकेत वरच्या बाजूला पातळ पडदा तयार होतो आणि गिळणं अवघड होतं. तो पडदा दुर्बीण आत सारताना नकळत फाटून जातो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. बेरियममध्ये तो दिसतो. आपल्याकडे बायकांमधला रक्तक्षय किती पसरलेला आहे हे पाहता हा मुद्दा किरकोळ नाही. संडास साफ करायचं अॅसिड चुकून किंवा रागाच्या भरात प्यायलेल्या माणसाची नलिका पुढे आकसते. ती किती लांब आणि कुठे आकसली, हे बेरियमशिवाय ऑपरेशन करणाऱ्याला नीट कळत नाही. लहान आणि मोठं आतडं मिळतात तिथला क्षय आपल्या देशात अनेक दशकं बेरियमवरच ओळखला गेला. आज तिथे सीटी आणि एमआरआय पुढे गेलेत, पण तालुक्याच्या गावी सगळं नसतं.

आणि नवजात बाळ. जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाला हिरवी उलटी झाली तर ‘दूध बाधलं’ म्हणून घुटी देत बसायचं नाही. अशा काही बाळांचं आतडं जन्मतःच चुकीच्या जागी असतं आणि त्याला पीळ बसू शकतो. पीळ बसला तर काही तासांत आतडं काळं पडतं. तोंडावाटे द्रव्य देऊन काढलेल्या फोटोत आतड्याचं वळण पाठीच्या कण्याच्या डावीकडे नीट पोचलंय का, हे कळतं आणि बाळ ऑपरेशनला वेळेत जातं. ही तपासणी उद्या करू म्हणणाऱ्या केंद्राच्या दारात थांबू नये, मोठं रुग्णालय गाठावं.

मला सर्वांत काळजी वाटते ती पक्षाघात झालेल्यांची. अर्धांग लुळं पडल्यावर कित्येकांचं गिळणंही बिघडतं. घास आणि पाणी श्वासनलिकेत जातं, काहींना ठसकाही लागत नाही, आणि न्यूमोनियाने माणूस जातो. घरात सगळे म्हणतात, बाबा जेवत होते, काही त्रास नव्हता. बेरियम मिसळलेलं पाणी, खिमट, बिस्किटाचा तुकडा असं वेगवेगळं थोडं थोडं भरवून गिळण्याचा व्हिडिओ घेतला तर नेमकं काय आणि केव्हा चुकतं, ते दिसतं. हनुवटी छातीकडे वळवून गिळलं तर फरक पडतो का, पाण्याऐवजी दाट पेज दिली तर चालेल का, की नळीच हवी, हे तिथल्या तिथे ठरतं. अमेरिकेत जेरी लोगमन यांनी ही पद्धत रूढ केली. यासाठी लागणारं यंत्र बेरियम करणाऱ्या बहुतेक केंद्रांत असतंच. कमी पडतात ती गिळण्याचं शास्त्र शिकलेली वाचा-उपचार तज्ज्ञ माणसं, आणि ही तपासणी लिहून द्यायची डॉक्टरांची सवय. जिल्हा रुग्णालयांत मेंदूविकाराच्या वॉर्डाला जोडून ही सोय करायला नवी इमारत लागत नाही. आठवड्यातला एक ठरलेला दिवस, प्रशिक्षण घेतलेली एक व्यक्ती आणि रेडिओलॉजिस्टचा अर्धा तास लागतो. आरोग्य खात्याने ही तरतूद करावी. तोवर घरातल्या माणसाला पक्षाघात झाला असेल, तर सुट्टी मिळण्याआधी डॉक्टरांना विचारा की, याचं गिळणं तपासलं का.